पहिली काच स्वतःच्या गालाची

भानुदास आप्पांनी पहिल्या भेटीत माझे नाव विचारले नाही. आधी तोंड उघडायला लावले. दौंडला रेल्वे वसाहतीजवळ त्यांची लॅब होती आणि मी पाबळहून प्रमाणपत्रांची फाईल घेऊन नोकरी मागायला आले होते. आप्पांनी फाईल बाजूला सारली आणि हातात एक चपटी लाकडी काडी दिली. "चूळ भर, पोरी. गाल आतनं हलक्या हातानं खरवड आन् काचंवर पसर. हितं पहिली काच सवताच्या गालाची असती."

काच रंगवून झाल्यावर मायक्रोस्कोपखाली माझ्याच पेशी दिसल्या. मधले केंद्रक गडद जांभळे, भोवतीचा भाग कुठे गुलाबी, कुठे हिरवट निळा. "ही निरोगी पेशी. आता आजारी वळखता येईल," आप्पा म्हणाले. माझे नाव घालून त्यांनी ती काच कपाटात ठेवली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाची अशी काच तिथे आहे.

आमच्या भागात मिश्री घरोघरी आणि तंबाखू खिशोखिशी. गालात पांढरा चट्टा उठला तरी माणूस दुखेपर्यंत गप्प राहतो. अशांची तोंडे आप्पांनी आयुष्यभर तपासली. त्यांचा नियम एकच होता. गालातून घेतलेली काच ओली असतानाच अल्कोहोलमध्ये गेली पाहिजे, कारण हवेत वाळलेल्या पेशी फुगतात आणि पुढे कितीही निगुतीने रंगवल्या तरी खोटे सांगतात. "आधी काच बुडव, मग बोल," ते म्हणत. मी मुळात बडबडी, त्यामुळे हा नियम माझ्यासाठीच केला असावा असे मला वाटे.

तो मी मोडलाच. वरवंडच्या तपासणी शिबिरात शेवंतीची शेती करणाऱ्या हिराबाई पुरत्या घाबरल्या होत्या. त्यांना धीर देत मी काच हातात धरून पंख्याखाली बोलत बसले. दुसऱ्या दिवशी पाहते तर केंद्रके मोठी, फिकट, कडा पुसट. कॅन्सरच, असे मी धरून चालले. कोणाला न विचारता मी त्यांच्या मुलाला फोन करून पुण्याला न्यायची तयारी ठेवा म्हणून सांगितले. आप्पांनी काच पाहिली आणि एवढेच म्हणाले, "ही पेशी आजारी न्हाई, वाळलेली हाय."

ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी मला मोटारसायकलवर मागे बसवले आणि थेट वरवंडच्या मळ्यात नेले. तिथे हात जोडून म्हणाले, "मावशी, काच आमच्या हातनं वाळली. चूक आमची हाय. पुन्यांदा घ्यावी लागंल."

"आन् मी सुनंला समद्या पेट्या-कुलपं दावून मोकळी झाले की, आप्पा!" हिराबाई म्हणाल्या. नवी काच मी एक शब्दही न बोलता बुडवली. डॉक्टरांनी ती निर्दोष ठरवली. आप्पांनी माझे नाव कोणापुढे घेतले नाही. दर दसऱ्याला मात्र हिराबाईंकडून शेवंती येते, ती माझ्या नावाने.

पुढे मी शिरूरला स्वतःची लॅब काढली, तेव्हा आप्पांनी आपला जुना मायक्रोस्कोप स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवला. अशी किती तरी ऋणे सांगता येतील, पण आज मन थाऱ्यावर नाही. आप्पांच्या गौरवग्रंथासाठीचा हा लेख मी तीनदा लिहून फाडला. कारण सांगूनच टाकते.

सत्कार समितीच्या बैठकीनंतर आम्ही जेवायला बसलो. ठेच्यावर जीव असलेल्या आप्पांनी ठेच्याला हात लावला नाही. भाकरी दुधात कुस्करून ते एकाच बाजूने चावत होते. खिशात सुपारी आणि अडकित्ता नेहमीप्रमाणे होताच. मी म्हटले, "आप्पा, तोंड दाखवा." ते हसले, तेही ओठ मिटूनच. "सत्कार व्हऊ दे, मग बघू." गौरवग्रंथात लिहू नये, पण लिहिते: लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. काही नसेलही. पण न पाहता ते कसे कळणार, हे आम्हाला शिकवले कोणी?

लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतावे, असे समितीने कळवले आहे. या ग्रंथाची मुद्रिते स्वतः तपासण्याचा हट्ट आप्पांनी धरला आहे, म्हणजे हे सर्वांआधी त्यांच्याच वाचनात येणार. तेव्हा अभीष्टचिंतन इथेच, त्यांच्या तोंडावर करते.

आप्पा, कपाटात आम्हा सगळ्यांच्या काचा आहेत. तुमची नाही. सोमवारी पहिल्या एसटीने मी शिरूरहून दौंडला येते आहे. काडी, काच आणि अल्कोहोलची बरणी माझ्या पिशवीत असेल. चूळ भरून बसा. तुम्ही शंभरी पाहावी आणि ठेच्यासह पाहावी, ही माझी इच्छा आहे. शाल, श्रीफळ, भाषणे सगळे होऊ दे, पण आधी काच बुडवू. मग बोलू.