सत्काराची शाल

माझी भाची युद्धातून परत आली आणि त्याच आठवड्यात धायरीतल्या तिच्या सोसायटीने तिचा सत्कार ठरवला. पुण्यात सत्काराला निमित्त लागतं असं नाही. माणूस निवृत्त झाला, पंचाहत्तरीला पोचला, तरी पुरतं. नुसतं जिवंत परत येणं हे निमित्त मात्र नवीन होतं आणि अध्यक्षांना ते फारच आवडलं होतं. "ताई, आपण फक्त तिला साडी नेसवून आणा," एवढी कामगिरी त्यांनी माझ्यावर सोपवली.

माझी बहीण खराडीत नोकरीला, त्यामुळे दिवसभर पोरीजवळ बसायला मी नारायण पेठेतून जात असे. ती परदेशात डॉक्टरकी शिकत होती. शहर कडाक्याच्या थंडीचं, आणि ऐन हिवाळ्यात त्यावर बॉम्ब पडायला लागले. तिची घरमालकीण एक एकटी म्हातारी. सगळी इमारत तळघरात राहायला गेली, त्यात या दोघीही. आता ही इथे घरी सुखरूप होती आणि रोज म्हातारीला मेसेज पाठवत होती. मेसेजपुढे एकच टिक यायची. दुसरी टिक आली म्हणजे फोन चालू, म्हणजे म्हातारी आहे, असा तिचा हिशोब होता. अंगावर सतत एक जाड करड्या लोकरीची शाल. बाहेर ऊन तापायला लागलं होतं, पण ती शाल काढायला तयार नव्हती.

सत्काराच्या दिवशी गेटवर फ्लेक्स लागला. वर लढाऊ विमान, खाली भाचीचा फोटो, शेजारी त्याहून मोठा अध्यक्षांचा आणि मध्ये 'आपल्या सोसायटीची वीरकन्या'. पोरीने विमानाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून आत गेली. ते चित्र लावताना कुणाच्या डोक्यात काही आलं नसेल का, असं मला वाटलं. मग अध्यक्षांचं भाषण सुरू झालं आणि शंका फिटली.

त्यांनी कुठल्या सैन्याने कुठून घुसायला हवं होतं ते समजावून सांगितलं. त्यांनी आयुष्यात पार्किंगचा एकही वाद मिटवलेला नाही. श्रोते माना डोलवत होते. नंतर प्रश्न आले. तिकडे व्हेज मिळायचं का? राहिलेलं शिक्षण इथे पुरं करू देतील का? एका काकूंनी विचारलं, "म्हणजे अंघोळीचं काय करायचीस गं?"

अंघोळीचं. भाचीने माइक हातात घेतला आणि सांगितलं की प्यायलाच पाणी नव्हतं. बाहेरचा बर्फ पातेल्यात आणून वितळवायचे. तळघरातला एक जण पाव आणायला बाहेर पडला तो परत आला नाही. त्याची बायको रोज त्याच्या वाट्याचं सूप वेगळं काढून ठेवायची. कुणी तिला अडवायचं नाही. लहान मुलं रडायचीही बंद झाली होती.

"थोडक्यात, बेटा, थोडक्यात," अध्यक्ष म्हणाले. मागे बटाटेवडे निवत होते.

मग शाल-श्रीफळ. सत्काराची शाल आपल्याकडे कुणी पांघरत नाही. ती खांद्यावर जेमतेम फोटोपुरती टिकते आणि पुन्हा पिशवीत जाते. अध्यक्षांनी ती झटकून उलगडली आणि हळूच म्हणाले, "ती जुनी काढ ना जरा. फोटोत बरी दिसत नाही."

माइक चालूच होता. भाची म्हणाली, "ही माझ्या घरमालकिणीची आहे. मी निघाले तेव्हा तिने अंगावरची काढून मला गुंडाळली. तिचे गुडघे गेलेत, स्टेशनपर्यंत चालणं जमणार नव्हतं. तिकडे हीटर बंद आहेत. ती आता काय पांघरत असेल, मला माहीत नाही."

मग एकाने टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनी. टाळ्या कशाला, हे मला अजून उमगलेलं नाही. अध्यक्षांनी नवी शाल जुनीवरच घातली आणि फोटो उरकला. मला तिथल्या प्रत्येक माणसाचा संताप आला होता, आणि वडे छान झालेत म्हणणाऱ्यांचा जास्तच.

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला. रविवारी एका सभासदांची पंचाहत्तरी होती. "ती शाल वापरली नसेल ना? मग तूर्त देता का? दुसरी देऊ नंतर. मी येतोच न्यायला."

मी सत्काराची शाल कपाटातून काढत होते, तेवढ्यात भाचीचा फोन वाजला. दुसरी टिक नव्हती. तळघरातल्या एका शेजारणीचा मेसेज होता. म्हातारी गेली होती. बॉम्बने नाही, थंडीने. झोपेतच गारठली होती.

भाची करडी शाल छातीशी धरून बसली. वर पंखा फिरत होता. "मी घ्यायला नको होती, मावशी," ती म्हणाली. मी तिला जवळ घेतलं.

बेल वाजली. अध्यक्ष दारात उभे होते. "काय म्हणते आपली वीरकन्या?"

"म्हातारी गेली," मी म्हणाले.

"कोण म्हातारी?" त्यांनी विचारलं.

मी शाल त्यांच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.