दाराजवळचं पोतं

अमरगोळच्या ज्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात मी काम करते, तिथल्या बटाट्यांची राखण अण्णा करतात. दिवसातून दोनदा ते पोत्यांमधून वास घेत फिरतात आणि "बरं हाय न्हवं?" असं बटाट्यांनाच विचारतात. माणसांशी फारसं बोलत नाहीत.

त्यांचं स्वतःचं बियाण्याचं पोतं मात्र कायम दाराशी. हमाल चिडवत, "अण्णा, घरी न्यायला सोपं, होय?" अण्णा नुसते हसत.

या उन्हाळ्यात यंत्राची थंडी कमी पडली. अण्णांच्या पोत्यातले बटाटे मऊ पडलेले दिसताच त्यांनी बाकी सगळ्यांची पोती आतल्या खोलीत हलवून घेतली. शेतकऱ्यांचं बियाणं वाचलं.

मी धीर करून म्हणाले, "तुमचंच गेलं की, अण्णा."

"दाराशी ऊब आधी लागती, अक्का. तिथं दुसऱ्याचं कसं ठेवू?"