कोंबडी निर्दोष निघाली

कुहीच्या रस्त्यावर एका ब्रॉयलर फार्मवर मी कामाला होतो. शेडमध्ये जमिनीवर धानाचं तूस पसरलेलं असायचं. ते रोज फावड्यानं खालीवर करणं माझं काम. फावडं मारलं की शिंका सुरू. एक-दोन नव्हे, ओळीनं दहा-बारा. प्रत्येक शिंकेला पिल्लं दचकून कोपऱ्यात पळायची आणि एकमेकांवर चढायची. मालक म्हणाला, "शिंकाचं असन तं बाहेर जाऊन शिंकत जा." मग मी नाक दाबून दाराकडे धावायचो. मला धावताना पाहून पिल्लं आणखीच पळायची.

घरी बायकोनं निदान केलं. "तुम्हाले कोंबडीच बाधते." त्या रविवारपासून सगळ्यांच्या ताटात चिकनचा झणझणीत रस्सा आणि माझ्या ताटात लवकी, म्हणजे दुधी भोपळ्याची भाजी. दोन महिने लवकी खाल्ली, शिंका तेवढ्याच. पुढे छातीतून शिटी वाजायला लागली, तेव्हा नागपूरला डॉक्टरबाईंकडे गेलो. नेमकं काय बाधतं ते पाहायला त्यांनी माझ्या हातावर पेनानं खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर वेगळ्या गोष्टीचा थेंब ठेवला, सुईनं टोचलं आणि म्हणाल्या, "पंधरा मिनिटं खाजवायचं नाही."

इतकी लांब पंधरा मिनिटं मी दुसरी पाहिली नाहीत. कोंबडीच्या पिसाची खूण शांत होती. बुरशीची मात्र बताशासारखी फुगली.

"ओल्या तुसात बुरशी धरते. तुम्ही ते हलवता, ती उडून श्वासात जाते. कोंबडीचा काही संबंध नाही."

"मॅडम, हे लिहून देता का?"

त्यांनी औषधांखाली लिहिलं, चिकन चालेल. बायकोनं चिठ्ठी दोनदा वाचली. "किती, ते नाई लिहिलं," म्हणाली आणि एकच पीस वाढला.

फार्मवर मालकानं पाण्याच्या गळक्या नळ्या बदलल्या, ओलं तूस काढलं, आम्हाला मास्क दिले. शिंका कमी झाल्या. माझ्यासोबत काम करणाऱ्या मावशीला कित्येक वर्षांचा खोकला होता. माझं ऐकून तीही टोचून घेऊन आली. तिचाही हात बुरशीवरच फुगला. पण परतली ती तोंड पाडून.

"काहून वं मावशी, काय झालं?"

"मी तं बुढ्याच्या बिडीले दोष देऊन राहिली होती गा. सात वर्षं त्याले अंगणात बसवलं."

"मंग आता नवऱ्याले सांगून टाक."

तिनं जरा विचार केला. "बिडी तशीबी वाईटच. तू त्याले काही सांगू नको," म्हणाली आणि मास्क नाकावर चढवून फावडं उचललं.