रेडिएटरवाले चाचा आणि तीन पंख्यांचं कार्ड

काहीही गरम आहे असं कुणी म्हटलं की चाचा आधी उलटा हात पुढे करायचे. तळहात नाही, हाताची पाठ. "तळव्याला आता काय कळत न्हाय बेटा. चाळीस वर्सं जाळ झेललाय त्यानं. पाठीला मातर अजून अक्कल हाय," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. चहाचा ग्लास असो, जीपचं बॉनेट असो की कुणाच्या नातवाचा ताप, हाताची पाठ जवळ नेऊन ते बेधडक अंदाज सांगत. तापाच्या बाबतीत तर थर्मामीटर खोटा ठरला तरी चाचा खरे, अशी आमच्या गल्लीची समजूत होती.

लोहाऱ्यात एसटी स्टँडच्या रस्त्याला त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, एक भट्टी, कास्टिक सोड्याचं पिंप, पाण्याचा हौद आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या ट्रॅक्टर-जीपच्या जाळ्या, म्हणजे रेडिएटर. गळकी जाळी सोड्यात धुवायची, हौदात बुडवून आत हवा भरायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं आणि तिथे कथलाचा डाग देऊन भोक बुजवायचं. एवढंच काम. पण अणदूरपासून लोक मोटारसायकलला जाळी बांधून त्यांच्याकडे यायचे.

त्यांच्या शेडला लागून माझी खोली. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, पुण्यातली नोकरी सोडून गावी परतलेली मुलगी. लोकांना त्यांचं घर बांधायच्या आधी पडद्यावर दाखवायचं, रंगासकट, जिन्यासकट, हे माझं काम. आजकाल आमच्याकडे पाया खणण्याआधी लोकांना बंगल्याचा थ्रीडी फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा असतो, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. तरी वडिलांचा जीव खालीवर होत होता. "दिवाळीपर्यंत बघ. न्हायच जमलं तर पुण्याची नोकरी परत धर," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. मला परत जायचं नव्हतं. आणि माझी सगळी मदार होती एका ग्राफिक्स कार्डावर.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. संगणकात चित्रं तयार करणारा जो भाग असतो, ते हे कार्ड. साधं कार्ड हातभर जागा मागत नाही. माझं मात्र पुण्यातल्या एका गेमवेड्या मुलाकडून घेतलेलं, वापरलेलं पण भारीतलं होतं. विटेएवढं जड, तीन पंख्यांचं. असली कार्डं मुद्दाम जोरात पळवायलाच बनवतात. कंपनीने ठरवलेल्या वेगाच्याही वर न्यायचं, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढला की चिप तापते, म्हणून तिच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांचा मोठा गठ्ठा बसवलेला असतो आणि त्यातून नळ्या फिरवलेल्या असतात.

चाचांची आणि या कार्डाची ओळख आवाजावरून झाली. एप्रिलची दुपार होती. तिन्ही पंखे जीव तोडून फिरत होते. चाचा दारात येऊन उभे राहिले.

"बेटा, आत काय ट्रॅक्टर उभा केलाय का?"

मी संगणकाचं झाकण काढून दाखवलं. आत कार्डाचे दिवे लाल-निळे-हिरवे होत होते. "हिचं लगीन हाय का आज?" त्यांनी विचारलं. मग खाली वाकून त्यांनी पाती बघितली, नळ्या बघितल्या आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. बाजारात जुना दोस्त भेटावा तसा. "अगं, ही तर जाळी हाय. आपलीच."

मी त्यांना सांगितलं की त्या नळ्यांत थेंबभर पाणी कोंडलेलं असतं. चिपजवळ त्याची वाफ होते, वाफ लांबच्या टोकाला पळते, तिथे गार होऊन पुन्हा पाणी होते आणि परत येते.

"अन् पंप?"

"पंप नाही चाचा. आपोआप."

ते स्टुलावर बसलेच. बराच वेळ नळ्यांकडे बघत राहिले. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगितली, आणि ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटलं नाही की त्याच्यावर रागावले. ओव्हरक्लॉकिंग मात्र त्यांना एका वाक्यात समजलं. "म्हंजे आपले काळीपिवळीवाले. बसवायची धा, बसवत्यात अठरा."

कंपनीच्या कारागिरीचं त्यांना कौतुक होतं, पण एक गोष्ट त्यांना पटली नव्हती. तिन्ही पंखे गरम हवा संगणकाच्या डब्यातच सोडत होते. "हवा कुठनं येती अन् कुठं जाती, एवढं तरी इचारायचं ना बनवताना," असं पुटपुटत त्यांनी तेलाचा रिकामा डबा कापला, त्याचा बोगदा केला आणि एक तोंड कार्डापाशी, दुसरं खिडकीबाहेर काढलं. चौऱ्याऐंशी अंशांवर चाललेलं कार्ड शहात्तरवर आलं. माझ्या खोलीची शोभा गेली, पण घराचा नकाशा काढून घ्यायला येणारी माणसं आधी तो बोगदा बघायची आणि मग कामाचं बोलायची.

मे महिन्यात उमरग्याच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या नव्या दवाखान्याची चालती चित्रफीत करायला सांगितली. तोवरचं माझं सगळ्यात मोठं काम. मुदत पंधरा दिवस. ते नीट झालं की वडील पुण्याचं नाव काढणार नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि नेमकं तेव्हाच कार्ड पुन्हा तापायला लागलं.

कारण समोरच होतं. माझ्या खिडकीखाली भज्यांचा गाडा. त्या तेलाची वाफ आणि रस्त्याची धूळ मिळून पात्यांवर चिकट काळा थर बसला होता. ब्रशने निघेना, ब्लोअरने हलेना. चाचांनी नख लावून बघितलं. "ह्ये किटण हाय. सोड्याबिगर सुटायचं न्हाय."

मी पात्यांचा गठ्ठा कार्डापासून सोडवला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक नळी कानशीने जराशी खरवडली. चांदीसारख्या मुलाम्याखालून लालसर तांबं दिसलं. "तांबं हाय ना सगळं?" त्यांनी विचारलं.

"सगळं तांब्याचंच," मी म्हणाले. खोक्यावर तसंच काहीतरी लिहिलेलं मला आठवत होतं.

चाचांनी गठ्ठा सोड्याच्या पिंपात सोडला आणि दुपारच्या नमाजाला गेले. परत आले तर पिंपावर फेस आला होता. नळ्या तांब्याच्या होत्या. पाती ॲल्युमिनियमची होती. तांब्या-पितळेच्या जाळ्या ज्या सोड्यात जन्मभर लख्ख झाल्या, त्याच सोड्याने पाती खाऊन टाकली होती. चिमट्याने गठ्ठा बाहेर काढला तेव्हा हाती आल्या नळ्या आणि त्यांना चिकटलेल्या काही चिंध्या.

मुदतीचे उरलेले दिवस मी बोटांवर मोजायला लागले. पण चाचांकडे बघितलं आणि मी स्वतःचं विसरले. तो माणूस पांढरा पडला होता.

"चूक माझी आहे चाचा. तांब्याचं म्हणून मीच सांगितलं."

"तू सांगितलं. पर पिंप माझं हाय ना? सोड्यात ॲल्युमिनियमचं काय हुतं ते तुला ठाव न्हाय, मला हाय. कडंचं पातं खरवडून बघायला काय झालं हुतं मला?" त्यांनी चिमटा खाली ठेवला. "चाळीस वर्सात कुणाचा माल खराब झाला न्हाय ह्या हातानं."

दुसऱ्या दिवशी शेड बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. मी घरी गेले. चाची दारातच म्हणाल्या, "खात न्हाईत, बोलत न्हाईत. नुसतं बसल्यात. काय झालंय ते तरी सांग." चाचा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला बघून एवढंच म्हणाले, "आता माझ्या हातात कोण काय दील, बेटा?"

मला समजूत घालता येत नाही. मी चिडते. तेव्हाही चिडलेच. टॉवेलात गुंडाळून आणलेलं उघडं कार्ड मी त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "मी देते. कार्ड जिवंत आहे, डोकं तेवढं उघडं पडलंय. दहा दिवस आहेत. ते तुम्हीच झाकायचं. माझ्या ओळखीत जाळीचं काम जाणणारा दुसरा कुणी नाही."

त्यांनी उघड्या चिपवर हाताची पाठ टेकवून बघितली. मग चाचींना म्हणाले, "भाकर वाढ."

पुढचा आठवडा मी आयुष्यात विसरणार नाही. चाचांनी ठरवलं की पाती करायच्या भानगडीत पडायचं नाही, सरळ पाणी फिरवायचं, गाडीसारखं. तांब्याची जाड पट्टी घेतली, हॅक्सॉने तिच्यात चऱ्या पाडल्या आणि वर पितळेचं झाकण ठेवलं. चिपला टेकणारी बाजू काचेवर पॉलिश पेपर ठेवून दोन दिवस घासली. तिच्यात स्वतःची दाढी दिसायला लागली तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. भोवतालच्या लहान चिपांसाठी तांब्याचे तुकडे बसवले. एका जुन्या जीपची जाळी कापून लहान केली आणि तिला पंखा लावला. पाणी फिरवायला कूलरची मोटर, पाणी साठवायला स्टीलचा डबा. डबा चाचींच्या शेवयांचा होता, हे त्यांना नंतर कळलं.

अडचण आली ती पाणी आत-बाहेर न्यायच्या बारीक तोट्या जोडताना. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ट्रॅक्टरच्या जाळीवर ते निभून जायचं, इथे जाईना. दोनदा डाग देऊन दोन्ही वेळा हौदात बुडबुडे आले. तेव्हा त्यांनी डाग द्यायचं तापलेलं लोखंड माझ्या हातात दिलं.

"चाचा, मी कधी केलेलं नाही."

"डोळं तुझं, अक्कल माझी. घाई नगं करू. तांबं तापलं की कथील आपसूक आत जातं. ढकलायचं न्हाय, वाट बघायची."

माझा पहिला डाग बघून ते म्हणाले, "चिमणी बसून गेल्यावानी दिसतंय." दुसऱ्याला काही बोलले नाहीत. तिसऱ्यानंतर आम्ही पट्टी-झाकणाचा तो ठोकळा हौदात बुडवला, सायकलच्या पंपाने हवा भरली आणि दोघंही पाण्यावर वाकून बसलो. एकही बुडबुडा आला नाही. चाचा तरी पाच मिनिटं उठेनात. चाची येऊन म्हणाल्या, "मासं धरताय का?"

संगणक चालू केला तेव्हा अठ्ठावन्न आकडा दिसला. मी दवाखान्याचं सगळ्यात जड दृश्य चालवायला लावलं. साठ. एकसष्ट. आणि तिथेच थांबला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि माझं कार्ड एकसष्टच्या वर जायला तयार नव्हतं. "आता पळव," चाचा म्हणाले. मी वेग वाढवला, आणखी वाढवला. ते मांडीवर हात ठेवून पडद्याकडे बघत होते आणि दाढीतल्या दाढीत हसत होते. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

चित्रफीत दोन दिवस आधी गेली. डॉक्टरांनी ती त्यांच्या भावाला दाखवली, भावाने आणखी कुणाला. वडिलांनी दिवाळीला आकाशकंदील आणला आणि पुण्याचा विषय काढलाच नाही.

चाचा मात्र आपली चूक लपवायला तयार नव्हते. नवं गिऱ्हाईक आलं की त्याची जाळी हातात घेण्याआधी ते माझ्या खोलीकडे बोट करून सांगायचे, "त्या पोरीचा माल म्या सोड्यात जाळलाय. आधी ऐकून घ्या, मग द्यायचं का न्हाय ते ठरवा." मी म्हणायचे, चाचा, कशाला सांगता? ते म्हणायचे, "दुसऱ्यानं सांगितल्यावर बरं वाटंल का?" आणि गंमत अशी की हे ऐकून एकही गिऱ्हाईक परत गेलं नाही.

दोन वर्षांनी शेड बंद झालं. आता गाड्यांना प्लास्टिकच्या टाकीच्या जाळ्या येतात. बिघडली की फेकायची, नवी लावायची. मुलाने चाचा-चाचींना पुण्याला नेलं, सहाव्या मजल्यावर. जाताना डाग द्यायचं लोखंड, कानशी आणि कथलाच्या कांड्या त्यांनी माझ्या खोलीत आणून ठेवल्या. "तिकडं कुठं ठेवू?" एवढंच म्हणाले. मला वाटलं, सांभाळायला दिल्यात.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर अणदूरचा एक शेतकरी माझ्या दारात आला. मोटारसायकलला मागे जुन्या ट्रॅक्टरची तांब्याची जाळी बांधलेली. मी सांगितलं की शेड बंद झालंय, चाचा पुण्याला गेले. तो म्हणाला, "ठाव हाय. त्यांलाच फोन केलता. म्हनले, लोहाऱ्यात जाळीचं काम आता एकच पोरगी जाणती, तिच्याकडं जा."

मी तिथल्या तिथे चाचांना फोन लावला. मागे लिफ्टचा आवाज येत होता. म्हटलं, "चाचा, हे काय लावलंय? मला कुठं येतं हे काम? त्या माणसाची जाळी बिघडली तर?"

ते म्हणाले, "मला तरी तुझं काम कुठं येत हुतं? अन् बिघडवलं हुतं की. तरी तू परत माझ्याच हातात दिलंस न्हव?"

मी फोन ठेवला, एका बंगल्याचा जिना पडद्यावर अर्धाच सोडला आणि त्या शेतकऱ्याला जाळी खाली उतरवायला सांगितली.