शब्द आले की हात हलका

मंठ्यात आमच्या पप्पांचं, म्हणजे वसंताचं, झेरॉक्सचं दुकान आहे, पण कुणी धंदा विचारला तर ते ढोलकी सांगतात. भिवाकाकांच्या भीमगीतांच्या पार्टीत ते माझ्या जन्माच्या आधीपासून वाजवतात. त्यांचा नियम एकच: गायकाच्या तोंडून शब्द आले की हात हलका. लोक बाबासाहेबांबद्दल ऐकायला येतात, तुमची थाप ऐकायला नाही.

यंदा अडचण भिवाकाकांच्या आवाजाची होती. गेल्या जयंतीला वरच्या ओळीवर तो फाटला आणि मागची पोरं फिदीफिदी हसली. पार्टीतले लोक म्हणू लागले, आता मोनालीला गाऊ द्या. मोनाली काकांची सून, गळा चांगला. पप्पा एकटेच अडून बसले.

"भिवादादा न्हाई, तर मी बी न्हाई."

कुंभार पिंपळगावचा कार्यक्रम बघायचा आणि मग ठरवायचं, असं झालं. काळजीने पप्पांची अन्नावरची वासनाच उडाली, म्हणजे चारच्या तीन भाकरी.

मी पुण्याची नोकरी घरून करते आणि काम संपलं की कॉम्प्युटरवर एक खेळ खेळते. नरकात शिरायचं आणि बंदुकीने सैतान मारायचे, पण मेटल संगीताच्या ठेक्यावर. ठेका चुकला की गोळी फुसकी. जमत गेला की गिटारी वाढत जातात आणि अगदी रंगात आलं की गायक ओरडायला लागतो. आईने एकदा ते ऐकलं आणि याला आधी दवाखान्यात न्या म्हणाली.

पप्पांना जरा करमावं म्हणून मी त्यांना बसवलं.

"भूत-सैतान आपण मानत न्हाई," ते म्हणाले. "मंग मारायला काय हरकत?"

त्यांची एकही गोळी फुकट गेली नाही. मला जे जमायला महिना लागला, ते त्यांना चहा निवायच्या आत जमलं. मला रागच आला. पण गायक सुरू झाला की पप्पा माउसवरून बोट उचलायचे आणि मान डोलवत ऐकत बसायचे. सैतान येऊन त्यांना फाडून खायचे. दर वेळी तेच. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

"पप्पा, थांबता कशाला?"

"तो गाऊन राह्यला ना."

"त्याचं एक अक्षर तरी कळतं का तुम्हाला?"

"मला कळत न्हाई. ज्याला कळतं त्याला ऐकू द्या."

"अहो, तुम्ही मारून राह्यले म्हणून तो गाऊन राह्यला! तुमचा हात थांबला की त्याचं गाणंच बंद पडतं."

पप्पांनी माउस पुन्हा हातात घेतला. मग गायक ओरडत असताना धडाधड गोळ्या घालत थेट शेवटच्या राक्षसापर्यंत गेले. तोही मेला. पप्पा काही खूश दिसले नाहीत.

कुंभार पिंपळगावला मी पहिल्या रांगेत होते. भिवाकाका वरच्या ओळीला आले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि पप्पांनी नेमकी तेव्हाच ढोलकी अशी बडवली की मंडपातली पोरं उठून नाचायला लागली. आवाज फाटला असेलही. कुणाला कळलं नाही. प्रत्येक कडव्याला पप्पांनी तसंच केलं. लोकांनी वन्स मोअर दिला. मला पप्पांचा अभिमान वाटला, तो लपवायचं काही कारण नाही.

कार्यक्रम झाल्यावर पप्पा मंडपामागे काकांना पाणी द्यायला गेले. मीही गेले.

"दादा, जमलं बराबर. आता कोण काय म्हणतं ते बघू."

काकांनी तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"त्या ओळीत बाबासाहेबांचं नाव व्हतं, वसंता. गेलं का कुणाच्या कानावर?"

काकांनी तांब्या तसाच खाली ठेवला.

"माझ्यासाठी केलं तू. कळतं मला," काका म्हणाले. "पण उद्यापासून मोनाली गाईल. अन् तिच्या बाजूला तूच बसायचं. लोकायला नाव ऐकू आलं पाह्यजे."