कालव्याच्या रस्त्यावरचा पिवळा दिवा

आधीच सांगते — मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतेय. लिंबातून 'रक्त' काढणाऱ्या बुवाचं बिंग दरवर्षी आठवीच्या वर्गात जास्वंदीचं फूल आणि सुरी घेऊन मीच फोडते. रविवारी चर्चला जाते, प्रार्थना करते, पण पाऊस का पडतो असं कुणी विचारलं तर बाष्पीभवनच सांगते. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय...

मी बेलापूरला राहते. शाळा नऊ किलोमीटरवर. त्यातले शेवटचे तीन कालव्याच्या भरावावरून — एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खोल खाली ऊस. एसटीच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून गेल्या वर्षी नगरच्या मावसभावाची दोनशे सीसीची मोटरसायकल घेतली. पंचेचाळिशीची बाई, पंजाबी ड्रेस, हेल्मेट आणि ते धूड! चौकातली मंडळी हातातला चहा विसरून बघत राहायची. "मॅडम, स्कूटी न्हाई का मिळाली?" हे रोजचं.

यंत्र समजून घेतल्याशिवाय वापरायला मला आवडत नाही. गाडीसोबतचं पुस्तक दोनदा वाचून काढलं. मीटरवरच्या दिव्यांचं गणित तसं सोपं असतं. चावी फिरवली की एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी चालू लागली की विझतो. म्हणजे यंत्रणा जागी आहे. कचकन ब्रेक दाबला तरी चाक जाम होणार नाही. चालत्या गाडीत तो लागलेलाच राहिला तर साधे ब्रेक लागतात, पण ती राखण नसते — हळू जायचं आणि मेकॅनिक गाठायचा. त्याच्या शेजारी ट्रॅक्शन कंट्रोलची पिवळी खूण, खाली घसरल्याच्या नागमोडी रेघा. मागचं चाक पुढच्यापेक्षा वेगात फिरून घसरायला लागलं की ही खूण लुकलुकते. चिखलात, वाळूत, सांडलेल्या ऑइलवर.

थंडीचे दिवस, ऊसतोड जोरात. कालव्याला आवर्तन सुटलेलं, पाणी काठोकाठ. मंगळवारी सकाळी सव्वादहाला भरावाच्या सुरुवातीची मोरी, तिथला छोटा पूल, ओलांडली आणि तो पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

रस्ता कोरडा ठणठणीत. गाडी सरळ, वेग जेमतेम तीस. पाचसहा सेकंदांत दिवा विझला. मी म्हटलं, असेल खडी चाकाखाली.

बुधवारी पुन्हा, तिथेच. येताना उलट दिशेने, तरीही तिथेच.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. गुरुवारी दहा मिनिटं लवकर निघाले. मोरीपाशी उतरले, इंजिन चालू ठेवलं आणि गाडी न्यूट्रलमध्ये हाताने ढकलत नेली. चाकाला ताकदच नाही, तर ते घसरणार कसं? तरी दिवा लुकलुकला! पर्समधला खडू काढून जिथे लागला तिथे एक रेघ मारली, विझला तिथे दुसरी. मधलं अंतर अकरा पावलं. शुक्रवारी पुन्हा मोजलं. अकराच.

शनिवारी अर्धी शाळा. दुपारी गाडी थेट अन्वरभाईंच्या गॅरेजवर नेली. बेलापुरात नव्या गाड्यांचं काम त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. त्यांनी स्कॅनर जोडला, बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"एरर काहीच न्हाई. एबीएस एकदम ओके. कुठला दिवा म्हनला तुमी?"

मी बोट ठेवून दाखवला.

ते हसायलाच लागले. "मॅडम, ह्या गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल हायच न्हाई! ते वरच्या मॉडेलला. पुस्तक दोन्हीला एकच, मीटरची काच बी एकच, म्हनून ती खूण दिसती. चावी फिरवल्यावर कधी लागली का ती?"

मला आठवेना. चावी फिरवून पाहिली. एबीएसचा लागला. तो पिवळा... नाही. शिक्षिका म्हणून सांगायला लाज वाटते, पण हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"बसा मागे," मी म्हटलं.

"आता? जेवायचं हाय अजून."

"बसा हो!"

दीडच्या सुमाराला आम्ही मोरी ओलांडली. पहिली खडूची रेघ आली आणि दिवा लुकलुकायला लागला. अन्वरभाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांचं हसू थांबल्याचं मला मागे न बघता कळलं.

"या अल्ला..." ते हळूच म्हणाले. "मॅडम, माघारी चला."

पण मी गाडी पुढे नेऊन लावली आणि उतरले. वर बघायचं ते चार दिवस बघून झालं होतं, म्हणून भरावाच्या उतारावरून खाली गेले. तिथे चप्पल रुतली. उसाच्या कडेला मनगटाएवढी धार वाहत होती — आणि ती गढूळ होती. नितळ पाझर एकवेळ चालतो. गढूळ याचा अर्थ पाणी आतली माती घेऊन बाहेर पडतंय. म्हणजे रस्त्याच्या पोटात...

"अन्वरभाई, रस्ता ठोका!"

त्यांनी गॅरेजमधून हातातच राहिलेल्या मोठ्या पान्याने डांबर ठोकलं. रेघेच्या अलीकडे 'टण'. रेघेच्या पलीकडे 'ढब'. रिकाम्या पिंपासारखं.

नेमका तेव्हाच मोरीकडून ट्रॅक्टर येताना दिसला. मागे उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या, आणि उसावर बसलेली तोडणीची माणसं. बायका, लेकरं, एक म्हातारा. मी पळत जाऊन गाडी आणली आणि रस्त्यात आडवी लावली.

ड्रायव्हर खवळला. "ओ बाई, गाडी काढा! काय खूळ लागलंय का?"

"पुढे रस्ता पोकळ आहे!"

"कुनी सांगितलं?"

"गाडीच्या दिव्यानं," अन्वरभाई बोलून गेले. वरची माणसं फसकन हसली.

"दिव्यानं? मंग मी हितं ऊस वाळवत बसू व्हय?"

"दिव्याचं सोड," मी म्हटलं. हा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो. "खाली उतर. हा पाना घे. इथे ठोक, मग तिथे ठोक. तरी जायचं असेल तर मी गाडी काढते."

तो पाय आपटत उतरला. एकदा ठोकलं, चार पावलं पुढे जाऊन पुन्हा ठोकलं. मग पाना तसाच हातात धरून उभा राहिला.

"उतरा रे सगळी!" तो ओरडला. "खाली उतरा! लेकरं आदी!"

त्याने ट्रॅक्टर मोरीपलीकडे मागे घेतला. मी पाटकऱ्याला, म्हणजे कालव्यावर देखरेख ठेवणाऱ्या माणसाला, फोन केला. तो दहा मिनिटांत आला, खालची गढूळ धार बघून पांढराफटक पडला आणि फोनवरून वरचं गेट बंद करायला सांगत सुटला.

रस्ता गेला तो त्यानंतर अर्ध्या तासाने. मोठा आवाजही झाला नाही... आधी डांबराला घडी पडली, मग सगळं एकदम खाली बसलं आणि पाणी उसात घुसलं. एक खडूची रेघ त्यात गेली, दुसरी काठावर राहिली. गेट बंद असल्यामुळे तासाभरात लोंढा ओसरला. दोन एकर ऊस आडवा झाला, पण माणसाला खरचटलंसुद्धा नाही.

उसावरून उतरलेल्या एका बाईने, कडेवरचं पोर सावरत, माझा हात धरून वर केला. "ह्या मास्तरनीनं वाचवलं गं!" आणि जो काय ओरडा झाला! ड्रायव्हरने निवडून एक ऊस काढला आणि माझ्या गाडीला झेंड्यासारखा बांधला. तसाच मिरवत मी बेलापुरात शिरले, मागे अन्वरभाई पान्यासकट बसलेले. बातमी आमच्या आधी पोचली होती. चौकातली चहावाली मंडळी उठून उभी राहिली. त्या दिवशी स्कूटीचं नाव कुणी काढलं नाही.

सोमवारी अन्वरभाईंनी माझ्यासमोर मीटर खोललं. त्यांनाही झोप लागत नव्हती. ती खूण असलेल्या काचेमागे वायर नव्हती, हे अपेक्षितच होतं. पण दिवाही नव्हता. बाकीच्या खुणांमागे एकेक बारीक बल्ब, आणि इथे नुसतं काळं प्लास्टिक. आम्ही दोघं आळीपाळीने उन्हात धरून बघत राहिलो.

"बसवू परत?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बसवा."

सासूबाई म्हणतात देवदूत. मुख्याध्यापकांच्या मते काचेवर ऊन चमकलं असेल. मग ते नेमकं अकरा पावलं, सकाळी, दुपारी, दोन्ही दिशांनी कसं चमकलं, यावर ते चहा मागवतात. रस्ता नवा झालाय, मी रोज त्यावरून जाते, मीटरकडे बघते... तिथे अंधार असतो.

पण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. त्या ट्रॉल्यांवर एकोणीस माणसं होती, मी स्वतः मोजली. संध्याकाळी एकोणीसच्या एकोणीस आपापल्या कोपीवर, झोपडीपुढच्या चुलीपाशी भाकरी खात बसली होती.