सहा शाली, सहा नारळ

समकालीन नृत्यात नारळ नसतो, हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

आमची रुचिता पुण्याच्या एका नृत्यसंचात आहे. दौऱ्यावर फिरत फिरत संच जालन्यात आला. एका संध्याकाळी दोन नाच. तिनं मला आधीच बजावलं, "पप्पा, आपल्या गावात पहिल्यांदा नाचून राह्यले मी. तुम्ही फक्त बसा. बिलकुल काही करू नका!"

पण जुन्या जालन्यात कापडाचं दुकान असलेला बाप लेकीच्या कार्यक्रमात नुसता बसेल? मी सहा शाली आणि सहा नारळ पिशवीत भरले.

पहिला नाच झाला. राखाडी कपड्यांत सगळे सारखेच दिसत होते, तरी मी लेक बरोबर ओळखली आणि दोनदा डोळे पुसले. (ती मुलगी कोईमतूरची होती, हे नंतर कळलं.) टाळ्या झाल्या, दिवे गेले. मी उठलो.

"अहो, दोन नाच होते ना?" बायको म्हणाली.

"झाले की दोन्ही! मधी संगीत न्हाई का बदललं?"

मी रंगमंचावर पोचतो तोच मंद उजेडात सहाजण हळूहळू चालत आले आणि रांगेत उभे राहिले. आवाज नाही, हालचाल नाही. काय ही शिस्त! मी एकेकाला शाल पांघरत, हातात नारळ देत निघालो. सहावी रुचिता. ओठ न हलवता ती म्हणाली, "पप्पा, नाच सुरू झालाय. जल्दी जा!"

मी तसाच वळलो. बाजूच्या पडद्यामागे शिरलो आणि डोकं धरून उभा राहिलो. पोरीच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीवर मी पाणी फिरवलं होतं, तेही तिच्याच गावात!

पण ते सहाजण शाली-नारळांसकट नाचले! शाली गरगरल्या, नारळ या हातातून त्या हातात गेले, एकही पडला नाही. रुचिता नारळ छातीशी धरून इतकी सावकाश खाली बसली की माझाच श्वास अडकला. तिचा श्वास मला तिथवर ऐकू येत होता. आपली मुलगी किती मोठी कलावंत आहे, हे मला त्या पडद्यामागे कळलं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. भोकरदनहून आलेला माझा मेहुणा तर गहिवरला. "दाजी, पहिला नाच काही समजला न्हाई. पण दुसऱ्यातला नारळ काळजाला भिडला!"

रुचिता हसून हसून रडली. मंग पुढच्या प्रयोगाचे पास माझ्या हातात ठेवत म्हणाली, "या, पण रिकाम्या हातानं."

मी अगदी रिकाम्या हातानं गेलो. पिशवी मेहुण्याकडे होती.